जाळ्यातील नक्षी आणि मनातील नक्षी

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणारा रस्ता सुमारे 50 किलोमीटर लांबीचा आहे. या रस्त्याच्या दोन टोकांना विणकामाच्या दोन परंपरा शतकानुशतके नांदत आल्या : शहराकडे हिमरूची आणि पैठणाकडे पैठणीची. दोन्ही वस्त्रे नक्षीदार, दोन्ही श्रीमंतांच्या घरी मान पावलेली. परंतु नक्षी वस्त्रावर उतरविण्याच्या त्यांच्या रीती मुळापासून भिन्न आहेत. हिमरूच्या जुन्या मागावर नक्षी आधी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवीत. कोणते उभे धागे केव्हा उचलावयाचे हे त्या जाळ्यातच ठरून गेलेले असे; मागावर बसलेला पोऱ्या ठरल्या क्रमाने दोरे ओढी आणि विणकर धोटा फेकी. पैठणीच्या पदराचे तसे नाही. तेथे विणकर उभे धागे मोजीत, रंगीत धाग्यांच्या लहान लहान कांड्या एकमेकींत गुंतवीत, मोर आणि कमळ उभे करतो. समोर आराखडा असला, तरी धाग्यांचा सारा हिशेब त्याच्या मनात आणि बोटांत असतो. एके ठिकाणी नक्षी माणसाच्या बाहेर, जाळ्यात राहते. दुसऱ्या ठिकाणी ती माणसाच्या आत राहते.

या दोन टोकांच्या दरम्यान, चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी, चितेगाव आहे. व्हिडिओकॉन कंपनीच्या कारखान्यामुळे या गावाचे नाव देशभर दूरचित्रवाणी संचांच्या कागदपत्रांवर झळकले. 2018 साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची न्यायप्रक्रिया सुरू झाली आणि एक पर्व संपले. आमच्या भागातील ज्या घरांत वडिलांची पिढी कारखान्यांत राबली, त्यांपैकी पुष्कळ घरांतील मुले-मुली आज पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरास संगणकाच्या आज्ञावली लिहितात. कित्येकजण दहा-बारा माणसांच्या गटाचे प्रमुख झाले आहेत. कचेरीच्या भाषेत त्यांस 'टीम लीड' म्हणतात. आता आज्ञावली लिहिणारे यंत्रच त्यांच्या मेजावर येऊन बसले आहे. अशा वेळी गटाच्या प्रमुखाने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी नवा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकास तो तितकासा नवा वाटत नाही. आणि ज्या एका बाबतीत तो खरोखरच नवा आहे, ती बाब नीट ओळखण्यासाठीही इतिहासाचीच मदत घ्यावी लागते.

नक्षी माणसाच्या बाहेर काढण्याचा मोठा प्रयोग फ्रान्समधील लियाँ शहरी झाला. 1804 च्या सुमारास जोसेफ मारी जाकार याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीने माग चालविला आणि दोरे ओढणाऱ्या पोऱ्याची गरज संपविली. पुढे 1830 नंतरच्या दशकात चार्ल्स बॅबेज याने आपल्या कल्पित गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती उचलली, आणि 1843 मध्ये एडा लव्हलेस हिने त्या यंत्रावर गणित कसे सोडवावयाचे याची क्रमवार मांडणी प्रसिद्ध केली. मागावरची नक्षी आणि संगणकाची आज्ञावली यांचे नाते असे रक्ताचे आहे. दोहोंतही एखादे काम क्रमाक्रमाने कसे करावयाचे हे माणसाच्या मनातून काढून यंत्रास समजेल अशा खुणांत बांधावयाचे असते.

या बांधणीचे कामही यंत्रावर सोपवावे, ही कल्पना संगणकाच्या जन्मापासूनचीच आहे. प्रारंभी आज्ञावली निव्वळ आकड्यांत लिहावी लागे. 1952 मध्ये ग्रेस हॉपर यांनी, आणि 1954 ते 1957 या काळात आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस यांच्या गटाने, माणसाला सुलभ अशा लिपीतून यंत्राची लिपी आपोआप तयार करणारी साधने रचली. बॅकस यांच्या गटाची 'फोरट्रॅन' ही भाषा त्यातून निघाली. आज या साधनांस आपण केवळ भाषांतरकार समजतो. त्या काळी मात्र त्यांस 'स्वयंचलित आज्ञावली-लेखन' असे भारदस्त नाव होते. आता आज्ञावली लिहिणाऱ्यांचे काय होणार, अशी शंका तेव्हाही काढली गेली. झाले उलटेच. लिहिणे सोपे झाले म्हणून लिहावयाची कामे वाढली, आणि कामे वाढली म्हणून माणसेही वाढली.

मुंबईत त्याच सुमारास एक लहानसा गट निराळ्याच उद्योगात मग्न होता. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली स्वदेशी संगणक बांधावयाचे काम चालू होते. गटातील बहुतेकांनी तोपर्यंत संगणक वापरलेला नव्हता. तरी 1956 च्या अखेरीस त्यांनी लहान नमुना चालू करून दाखविला, आणि 1960 मध्ये सुमारे 2,700 निर्वात नळ्यांचे पूर्ण यंत्र कामास लावले. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' असे नाव दिले. तोपर्यंत जगात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते. 1964 मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून आणलेले सीडीसी 3600 हे कितीतरी शक्तिमान यंत्र बसले, आणि टिफ्रॅक मागे पडले. व्यवहारी माणूस विचारील, की मग इतका खटाटोप कशासाठी केला? उत्तर असे, की यंत्र जुने झाले, पण यंत्राचे मर्म जाणणारी माणसे उरली. पुढे 1975 मध्ये सॉफ्टवेअरच्या विकासासाठी व प्रशिक्षणासाठी जे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, त्याचे प्रमुखपद नरसिंहन यांच्याकडेच आले. गटप्रमुखाच्या कर्तबगारीचे माप त्याने बांधलेल्या वस्तूवर जितके घ्यावे, त्याहून अधिक ती वस्तू बांधताना तयार झालेल्या माणसांवर घ्यावे, हा धडा आमच्याच प्रांतात साठ वर्षांपूर्वी गिरविला गेला आहे.

जगात इतरत्र हा धडा पैसा आणि वेळ गमावून शिकावा लागला. ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे तज्ज्ञांची परिषद भरली. मोठ्या आज्ञावली वेळेवर पुऱ्या होत नाहीत, खर्च आवरत नाही, आणि पुऱ्या झाल्या तरी बिनचूक चालत नाहीत, अशी तेथे सर्वांची तक्रार होती. 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हा शब्दप्रयोग त्या परिषदेने रूढ केला. आयबीएमच्या एका प्रचंड कामाची धुरा वाहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्ये आपल्या अनुभवाचे सार ग्रंथरूपाने मांडले. रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखी रखडते, हा त्यांचा सिद्धांत प्रसिद्धच आहे. कारण उघड आहे. नवीन माणसाला समजावून सांगावे लागते, आणि माणसे वाढली की परस्परांशी बोलण्याच्या वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार झपाट्याने वाढतात. चार माणसांत सहा जोड्या होतात, दहा माणसांत पंचेचाळीस. लग्नघरात आचाऱ्याच्या हाताखाली एकदम वीस नवखी माणसे दिली तर पंगत लवकर उठत नाही, हे आमच्या गृहिणींस ब्रुक्स यांच्या आधीपासून ठाऊक आहे.

आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था 1968 मध्ये निघाली व पुढल्या वर्षी फकीरचंद कोहली तिचे सूत्रधार झाले. त्याच काळात देशात यांत्रिकीकरणावर मोठा वाद पेटला होता. विमा कंपन्या व तेल कंपन्या यांच्या कचेऱ्यांत संगणक येताच कामगार संघटनांनी विरोध केला. तेव्हा केंद्र सरकारने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 1972 मध्ये सादर झाला. दारिद्र्याच्या प्रश्नावर मूलगामी लेखन करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाकडे हे काम यावे हे उचितच होते, कारण वादाचा मुख्य रोख भाकरीवर होता. यंत्र आले तर किती हात रिकामे होतील? हा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला होता, आणि तो संख्येने सुटणारा नाही : जे काम करता करता माणूस कसबी होतो, ते कामच यंत्राने केले, तर कसब येणार कोठून?

या दुसऱ्या प्रश्नावर 1985 मध्ये डेन्मार्कचे पीटर नाउर यांनी एक निबंध लिहून चांगला प्रकाश टाकला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आज्ञावली म्हणजे कागदावरील मजकूर नव्हे. ती रचणाऱ्यांच्या मनात व्यवहाराची आणि यंत्राची जी एक सुसंगत समजूत तयार झालेली असते, तीच खरी आज्ञावली. मजकूर ही तिची केवळ खूण. हा गट पांगला म्हणजे मजकूर जसाच्या तसा असूनही आज्ञावली निर्जीव होते, कारण तिच्यात कोठे, काय व का बदलावे हे सांगणारे कोणी उरत नाही. नाउर यांनी पैठणी पाहिली होती की नाही कोण जाणे. पण त्यांचे प्रतिपादन आमच्या रस्त्याच्या दोन टोकांच्या भाषेत सहज सांगता येते. जाळ्यातील नक्षी टिकावयाची तर ती कोणाच्या तरी मनातही असावी लागते. कारखान्यांचेही असेच असते. इमारत आणि यंत्रे यांची किंमत लिलावात ठरते. पंचवीस वर्षे एकत्र काम केलेल्या माणसांच्या अंगी जे ज्ञान मुरलेले असते, त्याची बोली कोणी लावीत नाही. ती माणसे घरोघर गेली की ते ज्ञानही पांगते.

पुण्यात या विषयाचे दोन बोधप्रद प्रयोग झाले. 1988 मध्ये प्रगत संगणनासाठी 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे विजय भटकर यांच्याकडे तिची धुरा आली. अमेरिकेचा महासंगणक हवा तसा मिळेना, तेव्हा स्वतःच बांधावयाचे ठरले. 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तयार झाला. त्यातील मूळ चिपा इंग्लंडमधील इनमॉस कंपनीच्या होत्या. मग स्वदेशी ते काय? अनेक लहान गणकांस एकाच कामावर एकविचाराने कसे जुंपावे, ही योजना आणि तिची आज्ञावली. साधन बाहेरून आणले, तरी त्याचे काय करावयाचे ही समज घरची होती, आणि यश त्या समजेस आले.

दुसरा प्रयोग आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. टाटा समूहाचे संशोधन केंद्र पुण्यात 1981 पासून काम करीत आहे. 1990 नंतरच्या दशकात तेथील संशोधकांनी आज्ञावली आपोआप तयार करणारी साधने रचली. पुढे ती 'मास्टरक्राफ्ट' या नावाने ओळखली गेली. तिची रीत अशी होती. बँकेचा किंवा विम्याचा व्यवहार जाणणाऱ्या मंडळींनी तो व्यवहार काटेकोर आराखड्यात मांडावयाचा : खाते म्हणजे काय, खातेदाराशी त्याचा संबंध कोणता, कोणती क्रिया कोणत्या अटीवर चालावी, इत्यादी. त्या आराखड्यातून हजारो ओळींची आज्ञावली यंत्र काढून देई. यामुळे गटाची रचनाच पालटली. व्यवहार सांगणारे एकीकडे आणि यंत्राचे साधन घडविणारे मोजके कसबी दुसरीकडे, असे दोन भाग पडले, आणि त्या दोहोंचा मेळ घालणे हे प्रमुखाचे काम झाले. तात्पर्य, आज्ञावली यंत्राने लिहावी आणि माणसाने तिचे नेतृत्व करावे, ही परिस्थिती महाराष्ट्राने पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच अनुभवली आहे.

मग आज नवे ते काय? फोरट्रॅनचे भाषांतर काय किंवा आराखड्यातून निघणारी आज्ञावली काय, त्यांत एक गोष्ट समान होती. तेच सांगितले तर तेच मिळे, आणि जे मिळाले ते का मिळाले याचा माग शेवटपर्यंत काढता येई. ते जाकारच्या मागाचे वंशज होते. 2021 मध्ये 'कोपायलट' व 2022 च्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' लोकांपुढे आले, त्या यंत्रांचा स्वभाव निराळा आहे. माणसांनी पूर्वी लिहिलेला अफाट मजकूर अभ्यासून, पुढे काय येणे संभवनीय आहे याचा ती अंदाज बांधतात. अंदाज बहुधा चांगला असतो, कधी विलक्षण चांगला असतो, आणि चुकतो तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने मांडलेला असतो. हा दोरे ओढणारा पोऱ्या नव्हे. हा अत्यंत बहुश्रुत, अविश्रांत श्रम करणारा, परंतु आपणांस काय येत नाही याची जाण नसलेला उमेदवार आहे. अशा उमेदवारास हाताखाली ठेवणाऱ्याने त्याचे प्रत्येक काम डोळ्यांखालून घालावे लागते.

येथे दोन प्रयोगांचे निष्कर्ष शेजारी ठेवून पाहावेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ठरवून दिलेले एक छोटे काम कोपायलटच्या साह्याने करणाऱ्यांनी ते इतरांपेक्षा सुमारे 56 टक्के कमी वेळात पुरे केले. उलट 2025 मध्ये 'मेटर' या संस्थेने 16 अनुभवी आज्ञावलीकारांना त्यांच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षे जोपासलेल्या प्रकल्पांतील 246 कामे दिली. तेव्हा कृत्रिम प्रज्ञेचे साह्य घेतले असता काम 19 टक्के अधिक वेळ खाऊ लागले. गंमत अशी, की आपले काम 20 टक्के जलद झाले, अशी त्या मंडळींची नंतरही समजूत होती. यंत्रे सुधारत आहेत, तेव्हा हे आकडे बदलतील. परंतु त्या दोहोंतील विरोधाचा अर्थ ध्यानी घेण्याजोगा आहे. नवी, सुटी, सर्वपरिचित नक्षी यंत्र झटकन विणते. जेथे नक्षी अनेक वर्षांच्या समजुतीने माणसांच्या मनात विणली गेली आहे, तेथे त्याचे विणकाम तपासण्यात वेळ जातो. आणि हा वेळ गेल्याचे करणाऱ्यालाही कळत नाही. अशा ठिकाणी प्रमुखाने गटाच्या उत्साहावर विसंबू नये, मोजून पाहावे.

भाकरीचा जुना प्रश्नही पुन्हा दारात उभा आहे. जुलै 2025 मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे 12,000, म्हणजे एकंदरीच्या 2 टक्के माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कृत्रिम प्रज्ञा हे त्याचे कारण नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी अमेरिकेतील वेतनपटांचा अभ्यास करून दाखविले, की ज्या व्यवसायांत ही यंत्रे अधिक शिरली आहेत, त्यांत 22 ते 25 वयाच्या तरुणांचा रोजगार तुलनेने 13 टक्के घटला. त्याच व्यवसायांतील अनुभवी माणसांचा मात्र तसा घटला नाही. म्हणजे झीज शेंड्याला नाही, मुळाला लागते आहे. दांडेकरांच्या काळात जो प्रश्न पोटात दडला होता, तो आता उघड झाला आहे.

दोरे ओढणाऱ्या पोऱ्याचे काम कंटाळवाणे आणि कष्टाचे होते. ते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु मागावर बसून तो पोऱ्या रोज नक्षी उमटताना पाही, आणि असे पाहत पाहतच कसबाची ओळख होत असते. नवख्या आज्ञावलीकारास पूर्वी जी किरकोळ कामे देत, म्हणजे एखादा दोष शोधणे, एखादी यादी दुरुस्त करणे, दुसऱ्याची आज्ञावली वाचून तिची परीक्षा घेणे, त्यांचे मोल त्या कामांत नव्हतेच. ती मनात नक्षी उतरविण्याची शाळा होती. आज ही कामे यंत्र पळभरात करते, आणि हिशेबी दृष्टीस नवखा माणूस अनावश्यक वाटतो. हा हिशेब दोन वर्षांचा धरला तर बरोबर आहे. दहा वर्षांचा धरला तर चुकतो, कारण यंत्राचे काम तपासणारा कसबी हा कालचा नवखाच असतो.

यावर कोणी म्हणेल, की फोरट्रॅनच्या वेळी आकड्यांत लिहिण्याचे कसब गेले, त्याने कोणाचे काय बिघडले? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तरही वर येऊन गेले आहे. खालची पायरी भरवशाची असेल तर माणसाने तिच्यावर उभे राहून वरची विद्या शिकावी; फोरट्रॅन तशी पायरी होती. जी पायरी बहुधा टिकते पण कधी अचानक सरकते, तिच्यावर उभे राहणाऱ्यास खालची जमीनही ठाऊक असावी लागते. उद्या ही यंत्रे तितकी भरवशाची झाली तर या लेखकाचे म्हणणे जुने ठरेल, आणि तसे झाल्यास त्याला आनंदच होईल. आज ती तशी नाहीत.

म्हणून गटप्रमुखाची कर्तव्ये पूर्वीचीच, पण आता अधिक कडक झाली आहेत. काय हवे ते यंत्राला सांगण्यापूर्वी गटाने आपसांत स्पष्ट ठरवावे. कारण अस्पष्ट इच्छेचे यंत्र झटपट आणि अस्पष्टच रूप करून देते. जी आज्ञावली गटातील एकाही माणसाला समजावून सांगता येत नाही, ती चालत असली तरी स्वीकारू नये. आणि नवख्या माणसांस मुद्दाम, नुकसान सोसूनही, हाताने करावयाची कामे द्यावीत व त्यांची परीक्षा घ्यावी. यांपैकी तिसरे कर्तव्य महाग पडते आणि त्याचे फळ बहुधा दुसऱ्याच कोणाला मिळते. त्यामुळे ते प्रथम टाळले जाईल, अशी भीती आहे. शिक्षकाच्या पेशात हे नवीन नाही. पण व्यापारी पेढीत असा खर्च करावयास प्रमुखाच्या अंगी धैर्य लागते, आणि त्याच्या वरिष्ठांच्या अंगी दूरदृष्टी.

आमच्या भागातील आईबाप मुलांना नोकरी लागली म्हणजे पगार किती आणि गाव कोणते, एवढे विचारतात. तेही विचारावेच. त्यांनी आणखी एक विचारावे : बाळ, तुझे लिहिलेले तुझ्या वरचा माणूस वाचतो काय, आणि चुकले तर का चुकले हे सांगतो काय? ज्या ठिकाणी याचे उत्तर होय असे येईल, तेथे पगार थोडा कमी असला तरी मुलाने दोन-तीन वर्षे काढावीत.